शिक्का मारण्याआधी : छोट्या कत्तलखान्यातली मांसतपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे : नगरपरिषदेच्या कत्तलखान्यात रोज ४०-५० शेळ्या-मेंढ्या कापल्या जातात, पशुवैद्यक आठवड्यातून दोन-तीन दिवसच येतात, आणि बाकीचे दिवस स्वच्छता निरीक्षकानं दुकानात जाऊन मटण बघावं अशी अपेक्षा आहे. मटण खाण्यायोग्य आहे हे कसं ओळखायचं, आणि अयोग्य निघालं तर त्याचं काय करायचं?

दुकानात टांगलेलं धड बघून त्या जनावराला रोग होता की नव्हता हे सांगता येत नाही, अगदी वीस वर्षं काम केलेल्या माणसालाही नाही. दुकानात कळतं ते मांस शिळं झालं आहे का, घाण लागली आहे का, एवढंच. रोगाची खूण कलेजीत, फुप्फुसात, तिल्लीत आणि लसिकाग्रंथींत (पुढे ‘गाठ चाचपा’ म्हटलं आहे ती हीच) असते, आणि दुकानात पोचेपर्यंत हे अवयव धडापासून वेगळे झालेले असतात. त्यामुळे निर्णयाची जागा कत्तलखान्याच्या आत आहे. जनावराचं धड आणि त्याचेच अवयव शेजारी असतानाच तो घ्यावा लागतो. निरीक्षकाला दुकानं फिरायला लावून पशुवैद्यकाच्या गैरहजेरीची भरपाई होत नाही.

कायदाही हेच म्हणतो. प्राणी क्लेश प्रतिबंधक (कत्तलखाना) नियम, २००१ नुसार पशुवैद्यकानं कापण्यास योग्य म्हणून प्रमाणित न केलेलं जनावर कापता येत नाही. गाभण, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेलं आणि स्वतः तीन महिन्यांपेक्षा लहान असलेलं जनावरही कापता येत नाही. एका पशुवैद्यकानं तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, अशी मर्यादाही त्यातच आहे. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. ५० शेळ्यांना चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पहाटे चारला कत्तल सुरू होऊन सहाला मटण बाजारात जात असेल, तर कत्तलपूर्व तपासणी आदल्या दिवशी दुपारीच व्हायला हवी, हे या हिशेबातूनच दिसतं. ज्या दिवशी पशुवैद्यक येणार नाहीत त्या दिवशी कत्तल बंद ठेवायची, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या जवळच्या दवाखान्याशी लेखी व्यवस्था करून पर्यायी पशुवैद्यक बोलवायचा. तिसरा मार्ग नाही. शिक्का खाटकाच्या किंवा शिपायाच्या हाती देणं हा तर मुळीच मार्ग नाही.

परवान्याचंही बघून घ्या. दिवसाला १० पर्यंत लहान जनावरं कापणाऱ्या जागेला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी पुरते. ११ ते १५० पर्यंत राज्याचा परवाना लागतो, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा. तुमच्या कत्तलखान्याला तो लागतोच, आणि तो नगरपरिषदेच्या नावानं असायला हवा. कत्तलखाना पालिकेचा असला म्हणजे परवाना लागत नाही, असा समज अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

जिवंत जनावर बघताना

जनावरं उतरल्यावर त्यांना सावली, पाणी आणि विश्रांती द्या. चारा कत्तलीआधी साधारण १२ तास बंद ठेवा, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा. पोट चाऱ्यानं तट्ट भरलेलं असेल तर सोलताना कोठा फाटतो आणि सगळं धड घाण होतं. लांबून ट्रकमधून आलेली दमलेली शेळी लगेच कापली तर तिच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते. त्यामुळे मांसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ५.४ ते ५.८ पर्यंत उतरत नाही, ६ च्या वरच राहतो. असं मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर नासतं. ‘मटण सकाळीच आणलं होतं, दुपारीच वास यायला लागला’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा ट्रकमध्ये असतं.

तपासणी दोनदा करायची, एकदा जनावर उभं असताना आणि एकदा चालवून. कळपापासून बाजूला उभी राहणारी, मान खाली टाकलेली, रवंथ न करणारी शेळी आधी बाजूला काढा. मग नाक, डोळे, तोंडाची आतली बाजू, खुरांमधली फट, शेपटीखालचा भाग आणि कास बघा. नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात व्रण आणि जुलाब हे तिन्ही एकत्र दिसले तर पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या संसर्गजन्य विषाणू रोगाचा, संशय घ्या. तोंडात फोड आणि पाय लंगडत असेल तर लाळ्या-खुरकूत. अंगावर, विशेषतः बिनकेसाच्या जागी, गाठी-पुरळ असेल तर देवी. जबड्याखाली मऊ सूज असेल तर यकृतातल्या पर्णकृमींचा किंवा रक्त पिणाऱ्या पोटातल्या जंतांचा विचार करा आणि त्या जनावराचा क्रमांक लिहून ठेवा, कारण नंतर त्याची कलेजी नीट बघायची आहे.

संशयित प्रत्येक जनावराचं तापमान घ्या. शेळी-मेंढीचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. उन्हातून नुकत्याच आणलेल्या जनावराचं एखादा अंश जास्त येतं, म्हणून सावलीत तासभर ठेवून पुन्हा मोजा. तरीही १०५ च्या घरात असेल तर कापायचं नाही. ताप असलेलं जनावर कापू नये, हा अन्नसुरक्षा नियमांतला स्पष्ट मुद्दा आहे. त्याला ‘संशयित’ म्हणून वेगळं बांधा, कानाला खूण लावा आणि उपचारासाठी परत पाठवा. उपचार झाला तर औषधाचा काढणी काळ, म्हणजे औषध अंगातून निघून जायला लागणारे दिवस, संपेपर्यंत ते कत्तलीला येता कामा नये. हा काळ औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला असतो. ताप नाही पण शंका आहे असं जनावर त्या दिवशीच्या सगळ्या जनावरांनंतर, शेवटी कापायचं. म्हणजे सुऱ्या आणि फरशी आधीच्या धडांसाठी स्वच्छ राहतात.

मेलेलं आलेलं जनावर कापायचंच नाही. ‘वाटेत नुकतंच गेलं’ हे कारण ऐकून घेऊ नका.

धड आणि अवयव एका क्रमांकाखाली

इथे बहुतेक छोटे कत्तलखाने चुकतात. तीन खाटीक एकाच वेळी काम करतात, कलेज्या एका घमेल्यात, वजडी दुसऱ्यात, मुंड्या भिंतीशी. तपासणीला माणूस येतो तेव्हा घमेल्यात ३० कलेज्या असतात. त्यातल्या एकीत गडबड दिसली तर ती कोणत्या धडाची हे कुणालाच सांगता येत नाही. मग कलेजी फेकली जाते आणि धड बाजारात जातं.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक हुकाला क्रमांकाचा स्टीलचा बिल्ला लावा. त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला ट्रेला किंवा शेजारच्या हुकाला लावा आणि त्यावर मुंडी, कलेजी, फुप्फुसं, काळीज, तिल्ली ठेवा. श्वासनलिका, फुप्फुसं, काळीज आणि कलेजी एकत्र काढून एकाच हुकावर टांगली तर काम आणखी सोपं होतं. तपासणी होईपर्यंत काहीही हलवायचं नाही. रक्त वाहून गेल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पोट रिकामं झालं पाहिजे, नाहीतर आतड्यातले जिवाणू मांसात शिरायला लागतात.

उजेड पांढरा हवा. तपासणीच्या जागी ५४० लक्स (उजेडाचं एकक) हे मान्य प्रमाण आहे. पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसत नाही, आणि कावीळ हा सर्वात जास्त वाद होणारा निर्णय आहे.

आता क्रम. मुंडी, जीभ आणि जबड्याखालच्या गाठी आधी बघा. फुप्फुसं नुसती बघून भागत नाही, दोन्ही हातांनी शेवटपर्यंत चाचपा. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं लागतं. कलेजीसारखं घट्ट लागलं तर न्यूमोनिया, वाळूसारखे कण लागले तर फुप्फुसकृमी, गोट्यासारखं गोल आणि पाण्यानं भरलेलं लागलं तर हायडॅटिड पुटी, म्हणजे कुत्र्याच्या एका पट्टकृमीच्या अळ्यांची पिशवी. फुप्फुसांच्या मधल्या आणि श्वासनलिकेच्या फाट्यावरच्या गाठी चाचपा. काळजाचं आवरण उघडून आत पाणी किंवा चिकटलेले धागे आहेत का पाहा.

कलेजी दोन्ही बाजूंनी बघा, मग पोटाकडच्या बाजूला पित्तनळीवर सुरीनं आडवा छेद द्या आणि दाबा. पर्णकृमी असतील तर पानाच्या आकाराचे, तपकिरी, चपटे किडे बाहेर येतात. जुन्या प्रकरणात नळ्या जाड, पांढऱ्या झालेल्या दिसतात. तिल्ली सुजून मऊ, काळसर झाली असेल तर हात थांबवा, त्याचं पुढे सांगतो. मूत्रपिंडांवरची चरबी बाजूला करून ती उघडी करा. वजडीवरच्या चरबीच्या जाळीवर द्राक्षासारखी लोंबणारी पाण्याची पिशवी बऱ्याचदा दिसते. ती कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी असते. माणसाला ती खाण्यातून बाधत नाही, पण ती कुत्र्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही.

धडावर खांद्यापुढची, मांडीच्या पुढची आणि जांघेतली गाठ चाचपा. उगाच प्रत्येक गाठ कापू नका, सुरीनं पू पसरतो. गाठ मोठी आणि घट्ट लागली तरच कापा. आत हिरवट-पिवळा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थरांचा घट्ट पू असेल तर तो शेळ्या-मेंढ्यांमधला गाठींचा जुना रोग असतो.

प्रत्येक संशयित धडानंतर सुरी बदला. दोन सुऱ्यांची पद्धत ठेवा : एक हातात, दुसरी ८२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात. सुरी आधी गार पाण्यानं धुवून मगच गरम पाण्यात टाका. थेट गरम पाण्यात घातली तर रक्त शिजून पात्याला चिकटतं आणि त्याखाली जिवाणू सुरक्षित राहतात.

काय फेकायचं आणि काय ठेवायचं

सगळं धड फेकणं हा सोपा निर्णय वाटतो, पण गरज नसताना तो घेतला तर मालकाचं विनाकारण नुकसान होतं आणि पुढच्या वेळी तो जनावर लपवून दुसरीकडे कापतो. पर्णकृमी किंवा हायडॅटिड असेल, पण धड भरलेलं आणि कोरडं असेल, तर तो अवयव पूर्ण काढा, धड पास करा. एकाच गाठीत पू असेल तर ती गाठ आजूबाजूच्या मांसासह काढा. अनेक गाठींत असेल आणि जनावर रोड असेल तर संपूर्ण धड नाकारा. ताप, सुजलेल्या सगळ्या गाठी, मूत्रपिंडावर आणि काळजावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके हे सगळं एकत्र दिसलं तर रक्तदोष, म्हणजे रक्तात जिवाणू पसरलेले, संपूर्ण धड नाकारायचं.

रोड जनावर आणि क्षीण जनावर यांत फरक आहे. रोड जनावराची मूत्रपिंडाभोवतीची चरबी कमी पण घट्ट, कोरडी असते. क्षीण जनावरात तिथे पिवळसर, ओलसर जेलीसारखं काहीतरी असतं. शंका असेल तर धड थंडाव्यात २४ तास टांगा. जेली घट्ट झाली, पृष्ठभाग कोरडा झाला तर पास. ओलच राहिलं तर नाकारा.

काविळीचंही तसंच. चरबी पिवळी आहे म्हणजे कावीळ, असं नाही, हिरवा चारा खूप खाल्लेल्या जनावराची चरबीही पिवळी दिसू शकते. चरबी सोडून डोळ्यांचा पांढरा भाग, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पांढरे दोर) आणि महाधमनीच्या आतला थर बघा. तेही पिवळे असतील तर कावीळ. वाद झाला तर प्रयोगशाळेत साधी चाचणी होते. २ ग्रॅम चरबी ५ मिलिलिटर ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मिनिटभर उकळायची, कोमट होईपर्यंत थंड करायची, मग तितकंच इथर घालून हलक्या हातानं मिसळायची. वरच्या इथरच्या थरात पिवळा रंग गेला तर तो चाऱ्यातला कॅरोटीन, खालच्या पाण्याच्या थरात हिरवट-पिवळा राहिला तर पित्त. इथर पटकन पेटतं, त्यामुळे ते घालताना जवळ ज्योत नको. कावीळ वाटणारं धडही २४ तास टांगून पुन्हा पाहायचं. पिवळेपणा गेला नाही तर संपूर्ण नाकारायचं.

शिक्का खाण्यायोग्य रंगाच्या शाईनंच मारा, आणि एकच नको. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, शक्य असेल तर पाठीवरही. शिक्क्यात त्या दिवसाची तारीख असली पाहिजे, आणि शिक्का रात्री पशुवैद्यकाच्या कुलुपात. दुकानदारांना सांगा की शिक्क्याची मांडी शेवटी तोडायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आणि तुम्हाला तो दिवसभर दिसतो.

तिल्ली सुजलेली दिसली तर

जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं, अंग ताठ झालं नाही, तर ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. असं जनावर उघडायचं नाही. हवा लागली की जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचाची सुप्त रूपं, तयार करतात आणि ते मातीत अनेक वर्षं टिकतात. पशुवैद्यकाला कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊ द्या, आणि सगळी नैसर्गिक छिद्रं जंतुनाशकात भिजवलेल्या कापसानं बंद करा. चुकून पोट उघडल्यावर मोठी, डांबरासारखी तिल्ली दिसली तर तिथेच थांबा. ते धड, त्याचं रक्त, कातडं आणि त्याला शिवलेलं सगळं मांस नाकारलेलं समजा आणि जाळा. फरशी, सुऱ्या, गमबूट, अप्रन लगेच निर्जंतुक करा. काम करणाऱ्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. पुरण्यापेक्षा जाळणं बरं, आणि पुरावंच लागलं तर चुना टाकू नका, चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करतं.

नाकारलेल्या मांसाचा शेवट

नाकारलेलं धड आवारात नुसतं पडून राहिलं तर दुपारपर्यंत ते कुणाच्या तरी पिशवीत असतं. म्हणून नाकारल्या क्षणी त्याला सुरीनं खोल, आडवेतिडवे छेद द्या आणि छेदांत फिनॉल किंवा क्रेसॉलचं जंतुनाशक ओता. ते कत्तलखान्याच्या फाटकाबाहेर पडण्याआधीच खाण्यासारखं उरता कामा नये. मग भट्टी असेल तर जाळा. नसेल तर विहिरी-नाल्यांपासून दूर किमान दोन मीटर खोल खड्डा घ्या, वर किमान एक मीटर माती आणि दगड. पंचनाम्यात क्रमांक, वजन, कारण, वेळ, मालकाची सही, दोन पंच आणि खड्ड्यात टाकतानाचा फोटो एवढं असलं की नंतरचे वाद मिटतात.

अवयवांकडे धडापेक्षाही जास्त लक्ष द्या. कत्तलखान्याच्या फाटकाशी बसलेल्या कुत्र्यांना पुटीची फुप्फुसं टाकणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि हायडॅटिड रोग त्यामुळेच टिकून राहतो. पुटीतल्या अळ्यांचे कुत्र्याच्या आतड्यात साधारण सहा-सात आठवड्यांत पट्टकृमी होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माती, भाजी आणि मुलांच्या हातावर येतात, आणि माणसाच्या कलेजीत किंवा फुप्फुसात नारळाएवढी पुटी वाढू शकते. माणूस ती कलेजी खाऊन आजारी पडत नाही, कुत्र्यामार्फत पडतो. म्हणून झाकणाचा, कुलुपाचा डबा फक्त नाकारलेल्या अवयवांसाठी ठेवा, आवाराला कुत्रं शिरणार नाही असं कुंपण घाला. खाटकांच्या पाळीव कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल हे जंतनाशक दर सहा आठवड्यांनी द्या.

दुकानात गेल्यावर

दुकानात तुम्ही रोग शोधायला जात नाही. शिक्का, तापमान, माश्या, पाणी आणि कामगारांची वर्षातून एकदा होणारी वैद्यकीय तपासणी, एवढं बघा. फ्रीजमध्ये ० ते ४ अंश, गोठवलेलं उणे १८. वास बघायचा तर धडाच्या पृष्ठभागाशी नाक नेऊन उपयोग नाही. स्वच्छ स्टीलची सळई मांडीच्या सांध्यात हाडापर्यंत घाला, बाहेर काढून हुंगा, कारण मांस हाडापाशी आधी नासतं. खिम्याचा रंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत लालभडकच असेल तर सल्फाइट हे रंग टिकवणारं रसायन घातल्याचा संशय घ्या आणि नमुना पाठवा. चिकनच्या दुकानात मेलेली कोंबडी कापली जाते का हे बघायचं असेल तर मानेचा काप बघा. जिवंत कापलेल्या कोंबडीत कापाच्या कडा मागे ओढलेल्या, रक्ताळलेल्या असतात. मेलेलीत काप सरळ असतो, कातडी लालसर आणि पंखाच्या शिरांत रक्त साचलेलं. एकाच खेपेत बऱ्याच कोंबड्या अचानक मेलेल्या, तुरे निळे पडलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लूचा देशातला पहिला प्रादुर्भाव सापडला होता.

जप्तीचे आणि नमुन्याचे अधिकार अन्नसुरक्षा कायद्यानं अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दिले आहेत, स्वच्छता निरीक्षकाला नाहीत. त्यामुळे संशय आला की अन्न व औषध प्रशासनाला कळवा, तोपर्यंत नगरपरिषदेच्या अधिकारात विक्री थांबवा. नासलेला, माणसाच्या खाण्यास अयोग्य झालेला नाशवंत माल तो अधिकारी दुकानदाराला लेखी नोटीस देऊन नष्ट करू शकतो. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक पिशवीत, बर्फाच्या पेटीत, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. त्यात फॉर्मालिन कधीही घालू नका, जिवाणू मरतात आणि अहवाल निर्दोष येतो. बर्फ पिशवीच्या बाहेर ठेवा. वितळलेलं पाणी आत शिरलं की तो नमुना टिकत नाही, आणि प्रकरणही.